कनवटीची डबी

मी डबी बोलतेय. मिशरीची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण पुढं मी कुणाची भीड ठेवणार नाही.

सात वर्षं मी एका बाईच्या कमरेला गप्प बसून काढली. डबीला खोटं बोलता येत नाही, पण लपवता येतं. मी ते इतकं चोख केलं, की ते त्या बाईच्या जिवावर आलं. पुढं काय होणार ते अजून ठरायचंय. उद्या सोमवार. उद्या कळेल.

पहिल्यापासून सांगते.

मी जन्मानं मिशरीची नव्हे. घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्या असतात ना, त्यांची मी डबी. पत्र्याची, गोल, दाबून बसणाऱ्या झाकणाची. म्हसवडच्या एका दुकानात बरणीमागं बरेच दिवस धूळ खात होते. जत्रेत धनगरांचा गजी नाच नाचताना ओरडून ओरडून केरबाचा आवाज बसला, म्हणून त्यानं मला घेतलं. गोळ्या चार दिवसांत संपल्या. आवाज परत आला आणि तो आजतागायत बंद झालेला नाही.

मग मला केरबाच्या नातीनं, राणीनं, शाळेत नेलं. माझ्या पोटात पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे, एक खोडरबर आणि एक निळा मणी. मी तिसरीपर्यंत शिकले. पाढे सोळापर्यंत. पुढं राणीला कंपासपेटी आली आणि मला घरी बसवलं. का बसवलं, पुढं शिकायचंय का, कुणी विचारलं नाही. शाळा अशीच सुटते. सगळ्यांना वाटतं आपोआप सुटली.

घरी बसले आणि दगडाबाईच्या हाती लागले. दगडाबाई म्हणजे केरबाची बायको, राणीची आज्जी. माणदेशातली बाई. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालून तळव्यांना भेगा पडलेल्या, उरलेलं निम्मं चुलीपुढं. तिनं मला पुसलं, आत फुंकर मारली आणि माझ्यात मिशरी भरली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातावर चुरायची आणि सकाळी उठल्यावर बोटानं दातांवर घासत बसायचं. आमच्याकडं बायका उंबऱ्यावर, मोरीशी, गोठ्याच्या कडेला बसून घासतात. तोंड भरलं की थुंकतात आणि परत घासतात. दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं बाई स्वतःसाठी बसलेली असते. मिशरी लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, असं त्या सांगतात. डोकं दुखतं हे खरं आहे. ते का दुखतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

तेव्हा मी उघड्यावर होते. माझा मान होता. शेजारची बनुबाई यायची, “दे गं चिमटीभर” म्हणायची, मी उघडायचे.

मग केरबाला कावीळ झाली.

सात वर्षांमागची गोष्ट. डोळे हळदीसारखे झाले, माणूस अंथरुणाला लागला. दहिवडीला नेऊन सलाईन लावलं, औषध सुरू झालं. तरी घरच्या थोरामोठ्यांनी बिरोबाच्या देवळात बसून ठरवलं, की घरातल्या कुणीतरी जिवाच्या आवडीची गोष्ट सोडायची, म्हणजे केरबा उठेल. आजारी कोण? केरबा. दिवसाला दोन पुड्या तंबाखू खाणारा कोण? केरबा. आणि थोरली माणसं हे सांगायला घरी आली तेव्हा त्यानं अंथरुणावरनं मान वळवून बायकोला काय सांगितलं?

“आगं, तू मिशरी सोड.”

सगळ्यांनी माना हलवल्या. एकालाही हसू आलं नाही. दगडाबाईनं हातात भंडारा घेतला, कपाळाला लावला, जिभेवर ठेवला आणि बिरोबाची शपथ घेतली. केरबा महिन्याभरात उठला. सलाईननं उठला की शपथेनं, ते विचारायची त्या घरात पद्धत नाही. उठल्या उठल्या त्यानं पहिल्यांदा उशाखालची चंची काढली, तंबाखू मळली आणि गालात धरली.

दगडाबाईनं चाळीस दिवस काढले. मी उतरंडीमागं रिकामी पडून होते. एकेचाळिसाव्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, भाकरी थापता येईना. बनुबाईनं पदराआड चिमूट दिली. त्या दिवसापासून माझी जागा बदलली. लुगड्याचा पदर खोचतात तिथं, कमरेला, कनवटीत.

तिथं अंधार असतो. घाम असतो. आणि बाईचं पोट कसं धडधडतं ते सगळं ऐकू येतं. मिशरी लावायला ती गोठ्यामागं जायची, भीत भीत दोन मिनिटं घासायची आणि कुणी आलं की तोंडातलं गिळून टाकायची. उघड्यावर होती तेव्हा ती थुंकत होती. चोरून करायला लागली आणि गिळायला लागली. हे शपथेनं मिळवून दिलं.

घरात माहीत नव्हतं असं समजू नका. सगळ्यांना माहीत होतं. वास लपतो होय? केरबाला माहीत, सुनेला माहीत, मुलाला माहीत. राणीला तर पक्कं माहीत. एकदा लुगडं धुताना तिनंच मला कनवटीतनं काढून, कुणी बघायच्या आत आज्जीच्या हातात कोंबलं होतं. पण बोलायचं नाही. बोललं की शपथ मोडल्याचं खरं होणार. माणसं देवाला फसवत नाहीत, एकमेकांना फसवतात आणि देवाला साक्षीला बसवतात.

यंदा दिवाळीनंतर दगडाबाईच्या घशाशी घास अडकायला लागला. आधी भाकरी. मग भात. पाण्याचा घोट घेऊन ती ढकलायची. छातीवर मूठ मारायची. मेंढरं घेऊन मुलगा-सून कृष्णाकाठाला गेलेली, घरात म्हातारा, म्हातारी आणि राणी. महिनाभर ती कुणाला काही बोलली नाही. मी मात्र रोज सैल होत चालले होते. जिथं मी घट्ट बसायचे, तिथनं आता सरकायला लागले, कारण कंबरच आत चालली होती.

राणीनं पकडलं. ताटातली भाकर आज्जी कोंबड्यांना टाकते, हे तिनं बघितलं.

“आज्जे, कवापासनं?”

“काय कवापासनं? दात दुकत्यात.”

“दात दुखल्यावर माणूस छातीवर हात मारतंय व्हय?”

केरबा बाजेवरनं म्हणाला, “वाफ धरलीया. ववा खा म्हणावं.”

“आबा, तुमी गप बसा,” राणी म्हणाली. तिच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. मला बरं वाटलं.

बनुबाईला मात्र दगडाबाईनं खरं सांगितलं. गोठ्यामागं, मी उघडी असताना. “बिरुबानंच गळा धरलाय गं माजा. भंडारा उचलून खोटी वागले. आता सोडत न्हाई त्यो.”

बनुबाईनं माझ्यातनं चिमूट घेतली आणि घासायला लागली.

साताऱ्याच्या दवाखान्यात गेलो ते बुधवारी. डॉक्टर बाई होत्या, राजनंदिनी मॅडम. तरुण, बारीक आवाजाच्या. दगडाबाईच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली, पोट दाबलं. त्यांचा हात माझ्यापासून चार बोटांवर आला होता.

“तंबाखू, मिशरी, कशाची सवय?” मॅडमनी दगडाबाईकडं बघून विचारलं.

“न्हाई, न्हाई,” केरबा म्हणाला. “सात वर्सं झाली सोडून. बिरुबाचा भंडारा उचललाय तिनं.”

“मी त्यांना विचारलं, आजोबा.”

“त्येच की. त्यास्नी काय इच्यारायचं ते मला इच्यारा. ती कवा बोलतीया?”

मॅडमनी पुन्हा दगडाबाईकडं बघितलं. दगडाबाईनं मान हलवली. कशी हलवली ते मला दिसलं नाही, पण पोट एकदम आत ओढलं गेलं आणि माझं झाकण तिच्या हाडाला टेकलं. राणी शेजारीच उभी होती. तीही बोलली नाही. तिलाही मी माफ करत नाही.

मॅडमनी सांगितलं, दुर्बीण घालून बघावं लागेल. तोंडातनं बारीक नळी घशाखाली जाते, पुढं कॅमेरा असतो, आत काय आहे ते दिसतं. दहा मिनिटांचं काम. शनिवारी सकाळी या. आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत पातळ काहीतरी घ्या. त्यानंतर पोटात काही नको. चहा नको, पाणी नको. “पोट अगदी रिकामं पाहिजे आज्जी. काही असलं तर मला नीट दिसणार नाही, आणि उलटी होऊन छातीत गेलं तर जिवाला धोका. कळलं ना?”

“व्हय,” दगडाबाई म्हणाली. त्या दिवशी त्या खोलीत ती एवढंच बोलली.

पुढचे दोन दिवस गावानं आमचं डोकं खाल्लं. दुर्बीण कुणीही बघितली नव्हती, पण माहिती सगळ्यांना होती. कुणी म्हणालं हौदाच्या पाइपाएवढी जाड असते. कुणी म्हणालं ती आत गेली की बाहेर काढताना आतडी ओढते. एका म्हाताऱ्यानं ओट्यावर बसून छातीठोक सांगितलं, की दुर्बीण घातलेला माणूस वर्ष काढत नाही. त्याला कुणी विचारलं नाही की वर्षात गेलेला माणूस दुर्बिणीनं गेला का रोगानं. वय झालं की माणसाला काहीही बोलायचा परवाना मिळतो.

दगडाबाई ऐकून घ्यायची आणि हात कनवटीवर ठेवायची. मला दाबून धरायची. जणू मी तिला वाचवणार होते.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं नाचणीची आंबील घेतली. निम्मी सांडली, निम्मी प्याली. राणीनं मोबाइलवर गजर लावला आणि पाण्याचा तांब्या उचलून आपल्या उशाशी ठेवला. सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. राणी आज्जीला एक मिनिट सोडेना, संडासच्या दारातसुद्धा उभी. त्यामुळं त्या दिवशी मिशरी राहिली.

एसटीत कोरेगावपर्यंत दगडाबाई जांभया देत होती. डोकं धरत होती. बोटं माझ्यावरनं फिरत होती, उघडत नव्हती.

साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर केरबा म्हणाला, “तुमी हितंच बसा. मी जरा च्या घिऊन येतो.” चहा घेऊन आला तो मिसळ खाऊन. ढेकर दिली. रात्रीपासनं घोटभर पाणी न घेतलेल्या बायकोशेजारी बाकावर बसला आणि तंबाखू मळायला लागला. चुना, तंबाखू, अंगठा, टाळी. तो वास कनवटीत माझ्यापर्यंत आला. माझ्यातली मिशरीसुद्धा जागी झाली म्हणा ना.

“तिकडं जाऊन मळा की आबा,” राणी म्हणाली.

“का? दुर्बीण माज्यात घालायची हाय का?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

दवाखान्यात नंबर चौथा होता. आमच्या आधीचा माणूस आत गेला आणि दारामागनं ओकाऱ्यांचा आवाज यायला लागला. दगडाबाईनं मला लुगड्यावरनं घट्ट धरलं.

“राणे, मला बाथरुमला जायाचंय.”

“चल, मी येते.”

“लगीनघरात न्हाई आलो आपण, जोडीनं फिराया. बस तू हितं.”

ती एकटी आत गेली. कडी लावली. आणि मला बाहेर काढलं.

मी सांगते तुम्हाला, मला झाकण घट्ट धरता आलं असतं तर मी धरलं असतं. पण डबीला कोण विचारतं. ती पुटपुटली, “हे काय खानं न्हवं. पोटात थोडंच जातंय.” आणि बोट आत बुडवलं. पंधरा तासांनी तिला मिशरी मिळाली. हाताची थरथर थांबली. खांदे खाली आले. दोन मिनिटं ती बाई सुखात होती, हे मी नाकारणार नाही.

मग तोंड भरलं.

आणि तिनं इकडंतिकडं बघितलं. भिंतीवर पांढऱ्या फरश्या. पांढरं शुभ्र बेसिन. वर आरसा. आरशाशेजारी एक कागद डकवलेला, त्यावर थुंकणाऱ्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. अक्षर तिला येत नाही, पण फुली कळते. गोठ्यामागं ती निदान कधीमधी थुंकायची. इथं त्या पांढऱ्यावर काळी पिंक पडली असती तर दवाखान्याला कळलं असतं, राणीला कळलं असतं, केरबाला कळलं असतं. बाहेरनं सिस्टरनं हाक मारली, “दगडाबाई केरबा! चला, नंबर आला!”

दगडाबाईनं गिळलं. सगळं. मग तोंडातलं राहिलेलं जावं म्हणून नळाचं ओंजळभर पाणी घेतलं. चूळ भरली, आणि तीपण गिळली.

फुलीचा मान राखला तिनं. दवाखाना घाण केला नाही.

आतल्या खोलीत गारठा होता. सिस्टरनं बांगड्या मागं सारल्या, बोटाला चिमटा लावला. “रात्रीपासनं काही खाल्लं-प्यालं नाही ना आज्जी?” मान हलली. घशात कडू औषध मारलं. “आता जीभ जड होईल. घसा सुजल्यासारखा वाटेल, तो सुजलेला नसतो. घाबरू नका.” मग दातांत प्लॅस्टिकची गोल कडी दिली आणि डाव्या कुशीवर झोपवलं. मी डाव्याच कमरेला. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. माझा पत्रा वाकला, अजून वाकलेला आहे.

मला काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. एक यंत्र सारखं टीं टीं करत होतं आणि त्याच्यापेक्षा जोरात तिचं काळीज.

“आज्जी, नाकानं श्वास. लाळ बाहेर गळू द्या. गिळायची नाही. अजिबात गिळायची नाही. गळू दे खुशाल, आम्ही पुसतो.”

सात वर्षांत तिला असं कुणी सांगितलं नव्हतं.

ती उचमळली. एकदा, दोनदा. तिचे पाय खाटेवर आपटले. सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला, “झालं, झालं, गेली आत.” मॅडम हळू आवाजात बोलत होत्या. “इथं बघ. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला अरुंद झालंय. जखम आहे. तुकडा घेऊ तपासायला.” काहीतरी टिचकन वाजलं. पुन्हा टिचकन. मग नळी आणखी खाली सरकली.

“हे काय आहे पोटात?”

“काळं दिसतंय मॅडम.”

“कण आहेत. जुनं रक्त असतं तसं. पाणी मार. अजून मार.” सूं सूं आवाज. “घड्यांत अडकलंय. पण येतंय कुठनं? इथं तर काही नाही.”

दगडाबाईला सगळं ऐकू येत होतं. दातांत कडी, घशात नळी. बोलणार कशी? तिचा उजवा हात कमरेकडं यायला निघाला. सिस्टरनं तो धरला आणि परत वर ठेवला. “हात हलवू नका आज्जी.”

मी तिथंच होते. अर्ध्या वितीवर. ज्याला ते रक्त म्हणत होते, ते माझ्या पोटात भरलेलं होतं.

थोड्या वेळानं टेबलापाशी सगळे जमलो. दगडाबाई खुर्चीत, तोंडाला पदर. केरबा पलीकडं, गाल फुगलेला. राणी उभी.

मॅडम म्हणाल्या, “दोन गोष्टी आहेत. घास अडकतोय तिथं जखम आहे, तिचा तुकडा घेतलाय, या सोमवारी नव्हे, पुढच्या सोमवारी रिपोर्ट येईल. दुसरी मला जास्त काळजीची वाटते. पोटात काळं काहीतरी आहे. रक्त असेल तर ते कुठनं येतंय ते मला सापडलेलं नाही. आज ॲडमिट करावं लागेल. रक्त तपासू, लागलं तर बाटली चढवू, आणि उद्या पुन्हा दुर्बीण.”

“परत?” केरबाचा आवाज चिरकला.

“पुन्हा एकदा विचारते. काळी उलटी झालीय का? लोहाच्या गोळ्या? मिशरी?”

“आवं, किती बारी सांगायचं? शपथ हाय तिची! बिरुबाची!”

मॅडमनी राणीकडं बघितलं. राणी स्वतःच्या चपलेकडं बघत होती. ओठ चावत होती. एक शब्द. एकच शब्द लागत होता, आणि त्या खोलीतल्या तिघांकडं तो होता.

तेव्हा दगडाबाईचा हात कनवटीला गेला. मला वाटलं, रोजच्यासारखी दाबून धरणार. लपवणार. माझ्यासकट जाऊन त्या वॉर्डात झोपणार, उद्या परत ती नळी गिळणार, पण बोलणार नाही. बाई त्यातलीच आहे.

तिनं मला ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मॅडमच्या कागदांवर. झाकण वाकल्यामुळं उघडेना, तर नखानं उघडलं.

सात वर्षांनी चारचौघांत माझ्यावर उजेड पडला.

“म्या गिळली,” दगडाबाई म्हणाली. जीभ जड होती, शब्द लोळत होते. “आत्ता. मोरीत. थुकायचं न्हवतं, म्हनून गिळली. पानीबी प्याले.”

मॅडमनी मला उचललं, आतली मिशरी बोटावर घेतली, उजेडात धरली. एक लांब श्वास सोडला.

केरबाला आधी शब्द सापडले. सापडणारच. “भंडारा उचलून खोटी वागलीस? आँ? तरीच! तरीच गळा धरला बिरुबानं! आता भोग!”

“आजोबा,” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या गालात काय आहे?”

केरबानं तोंड मिटलं. इकडंतिकडं बघितलं. आणि खरं सांगते, मी समोर होते, त्यानंही गिळलं.

राणी मोठ्यानं हसली. मग लगेच रडायला लागली. “आबा, शपथ तुमच्या काविळीपायी घेतली हुती. तुमी काय सोडलं? सांगा की, काय सोडलं?” आणि मग आज्जीकडं वळून, “मला म्हाईत हुतं गं आज्जे. बुधवारीच बोलायला पायजे हुतं मी.”

मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. आज्जीवर त्या रागावल्या, नाही असं नाही. पोट रिकामं नसताना नळी घातली, काही झालं असतं तर, असं स्पष्ट सुनावलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, “आज्जी, हा रक्तस्राव नसावा. ॲडमिट नको. दोन तास बसा, रक्त तपासू आणि घरी जा. पण घास अडकतो तिथली जखम आहे ती आहे. ती कशानं झाली ते तुकडा सांगेल. बरी होणारी असेल, नसेलही. मी आज खोटा धीर देणार नाही. देवानं गळा धरलेला नाही एवढं मात्र मी आत डोळ्यांनी बघून आलेय. तिथं कुणाचा हात नव्हता.”

दगडाबाईनं मान वर केली. “नीट बघितलं न्हवं?”

“नीट बघितलं.”

ती रडली तेव्हा लाळ गळत होती, घसा अजून बधिर होता. तिनं पुसली नाही.

मिशरी त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. मला राणीनं परत मागून घेतलं आणि रिपोर्टची चिठ्ठी माझ्यात घडी करून ठेवली. “ही हरवायची न्हाई.”

घरी आल्यावर राणीनं मला साबणानं घासलं, उन्हात ठेवलं. वास गेलेला नाही. जाणार नाही. आता मी भिंतीतल्या देवळीत असते, टॉर्चशेजारी, उघड्यावर. बनुबाई पहिल्या सकाळी आली, मला बघितलं, काही न मागता गेली.

केरबानं परवा विषय काढला होता. “रिपोट चांगला यावा म्हणून कायतरी सोडाय पायजे आपण.” दगडाबाई चुलीपुढनं म्हणाली, “या बारीला तुमी सोडा.” संध्याकाळी येऊन त्यानं आपली चंची माझ्याशेजारी देवळीत ठेवली. मोठं दान केल्यासारखा चेहरा. सकाळी कोंबडं आरवायच्या आत उचलून घेऊन गेला. आता तो गोठ्यामागं जाऊन खातो. जाऊ दे. ती जागा रिकामीच झाली होती.

तुम्हा वाचणाऱ्यांना मी काही शहाणपण शिकवणार नाही, माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. एवढंच मागते. डॉक्टरनं बाईला विचारलं तर बाईला बोलू द्या. तुमच्या घरातही कुणाच्या तरी कनवटीला, उशाखाली, पिठाच्या डब्यामागं माझी एखादी बहीण असेल आणि तुम्हाला ती माहीत असेल. नळी आत जायच्या आधी तिला टेबलावर ठेवा. नंतर नको. मला नंतर ठेवलं होतं.

दगडाबाई आंबील पिते. घास अडकतोच. सकाळी तिचा हात कनवटीला जातो, तिथं काही नसतं, मग ती उठून देवळीपाशी येते. मला उघडते. बोट आत घालते, चिठ्ठी आहे का चाचपते. दिवसातनं दहा वेळा. मग बोटाचा वास घेते आणि तिथंच उभी राहते. हात थरथरत असतो. मी झाकण उघडं ठेवून वाट बघते.

आज आठवा दिवस. बोट अजून तोंडापर्यंत गेलेलं नाही.